उघड्या विटा

एल्स्पेथचा पाळणा आमच्या बोटीत पाण्याच्या पातळीखाली आहे. तिची उशी आणि कालवा यांच्यामध्ये फक्त सहा मिलिमीटर पोलाद. ती छतावर हलणारे कवडसे पकडायला हात उंचावते आणि मी पत्र्याला कान लावून बसते.

म्हणून बोट गोदीत घेतली. गोदीतलं पाणी बाहेर सोडलं, तसं आमचं घर ठोकळ्यांवर कोरडं उभं राहिलं. त्याचा बुडालेला भाग असा उघडा बघताना, झोपेत असलेल्या माणसाकडे टक लावून पाहिल्यासारखं वाटलं. तीन दिवस घर डुललं नाही, एल्स्पेथला झोप नाही. तिचा बाबा लॉर्कन तिला डांबराच्या वासापासून लांब, काठाकाठाने फिरवत होता आणि मी तळ काळा करत होते.

गोदीवाले हिबर्ट यांनी तळाला मॅग्नेशियमच्या चार नव्या विटा डकवल्या होत्या. जुन्या मी पाहिल्या होत्या, झिजून साबणाच्या चिपटीएवढ्या झालेल्या. या चंदेरी विटांचे तसे हाल होऊ नयेत म्हणून मी त्यांना डांबराचे दोन हात दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता हिबर्ट खाली आले.

"हे काय गं पोरी? विटांनाही न्हाऊ घातलंस?"

"नाहीतर पाणी त्यांना खाऊन टाकेल ना."

"अगं, खायलाच ठेवल्यात! पाणी त्यांना खातं म्हणून तुझा पत्रा वाचतो. त्यांना झाकलंस, आता काय खाईल?"

चारला गोदी भरायची होती.

"थोडा वेळ वाढवून मिळेल?"

"बाहेर डॉर्कस तिची बोट घेऊन ताटकळतेय. तिच्या जिभेला हाड नाही. विचारतेस?"

नाही विचारलं. तारेचा ब्रश घेऊन बसले.

"लोणी लावायचं आणि मग खरवडायचं," वरून लॉर्कन म्हणाला, "तूच करू जाणे!"

"तू पोरीला सांभाळ."

डांबर अजून ओलसर होतं. ब्रशला चिकटे, पुन्हा पसरे. पहिली वीट उघडी पडली, ढगाआडून निघाल्यासारखी. दुसरी. तिसरी होईतो चार वाजले. वरून डॉर्कसचा आवाज आला, "हिबर्ट, तिथे आंघोळी चालल्यात का?"

"झडप जड झालीय गं, म्हातारी!" हिबर्ट ओरडले. पाणी आत घ्यायची झडप त्यांनी बोटभरच उघडली होती. पाणी माझ्या बुटांना लागलं, घोट्यांवर आलं. चौथ्या विटेचा शेवटचा कोपरा चमकला तेव्हा ते हळूच म्हणाले, "ये आता वर."

घर ठोकळ्यांवरून उचललं गेलं, एकदा डुललं. एल्स्पेथ लॉर्कनच्या खांद्यावरच झोपली.

पाळण्यात ठेवताना तो म्हणाला, "आता बरं वाटतंय?"

"दोन वर्षांनी सांगेन," मी म्हटलं. "गोदीत त्या विटांची चिपटी झालेली दिसली की."