फेस थांबला, ऍसिड नाही

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. अंबाल्यात घडलो आणि तमिळनाडूत पालार नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यात झिजलो. तिथली रसायनं सांभाळणारी एळिलरसी मला रोज मऊ फडक्यानं पुसायची.

एकदा ऍसिडच्या हौदाची सफाई निघाली. आत शंभर किलो गंधकाचं ऍसिड होतं, म्हणून मेस्त्री सर्गुणमनं शंभर किलो खायचा सोडा मागवला. एळिलरसीनं माझ्या दोन पारड्यांत दोन्हींचे सारख्या वजनाचे छोटे नमुने ठेवले.

"मेस्त्री, वजन सारखं आहे, कण नाहीत. डझनात बारा, तसे एका मोलात सहा लाख अब्ज अब्ज कण. ऍसिडचा मोल अठ्ठ्याण्णव ग्रॅमचा, सोड्याचा चौऱ्याऐंशीचा. त्यात ऍसिडच्या एका कणाला सोड्याचे दोन लागतात. शंभराला एकशे बाहत्तर किलो तरी हवा. नाहीतर ऍसिडचे दहातले चार कण जिवंत राहतील."

"काटा मधोमध आहे ना अक्का? मग झालं!" माझ्याकडे बोट दाखवून तो हसला.

सोडा पडला, हौद फसफसला, शांत झाला. संपला होता सोडा. मेस्त्रीला वाटलं, ऍसिड संपलं. त्यानं सफाई कामगार मुनुसामीला अनवाणी आत उतरवलं.

ती किंकाळी मी अजून विसरलो नाही. तो पाय घसरून पडला. वर काढला तेव्हा मांड्यांची कातडी सोलून लोंबत होती.

मुनुसामीचा भाऊ कदिरवन कामगारांसह आमच्या रसायनांच्या खोलीत घुसला. सर्गुणम तिथंच होता. बाटल्या फुटल्या. त्यानं मला उचललं आणि सर्गुणमच्या डोक्यात घातलं. माझी दांडी वाकली, पारडी रक्तानं माखली. माणसाचं हाड फोडायला मला घडवलं नव्हतं हो!

"टाका या मेस्त्रीला त्याच हौदात!" कदिरवन गरजला.

"कदिरवा, थांब रे!" एळिलरसी ओरडली. तिला कुणीतरी भिंतीवर ढकललं. त्यांना अडवणं शक्य नाही हे तिनं ओळखलं. मागच्या दारानं ती पळाली, गोदामातली सोड्याची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती फाडली आणि हौदात उलटी केली. पुरुषभर फेस उसळला. जमाव दचकून मागे सरला. फेस बसताच त्यांनी सर्गुणमला फेकलंच.

तो पांढराफटक होऊन, रडत वर आला. डोकं फुटलेलं, पण अंगावर एक फोड नव्हता.

"माझ्या भावाच्या वेळी कुठं होतीस अक्का?" कदिरवननं विचारलं.

आता माझा काटा एका बाजूला पडलेला असतो. मित्रांनो, तराजू फक्त वजन सांगतो. ते मोलाच्या वजनानं भागा, कण किती ते काढा. मगच कुणाच्या पोराला खाली उतरवा.