जसूदबेनची अठाई

जसूदबेनच्या छातीत धातूची एक झडप होती आणि ती वाजत असे. टिक, टिक, उशाखाली ठेवलेल्या घड्याळासारखी. बसवली तेव्हा त्यांचे यजमान नवनीतभाई म्हणाले होते, "चला, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम वाचलं." नवनीतभाईंकडे विनोद हा एकच होता, पण तो ते रोज करत. ते गेल्यावर पालनपूरच्या त्या तीन खोल्यांत दुसरं कुणी बोलणारं राहिलं नाही, आणि झडपेचा आवाज मोठा झाला. टीव्ही लावला की तो ऐकू येत नसे. म्हणून टीव्ही दिवसभर चाले. त्यावर काय चाललंय हे जसूदबेनला विचारून उपयोग नव्हता.

झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून एक गोळी होती. तिनं रक्त पातळ राहायचं. फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागणार, पुरेसं पातळ नसलं तर गुठळी सुटून डोक्यात जाणार. या दोहोंमधल्या बोळातून जन्मभर अंग चोरून चालायचं. डॉक्टर धोळकिया हे सगळं नीट समजावून सांगत, आणि ते ऐकायचं काम नवनीतभाई करत. जसूदबेनच्या डोक्यात त्यातलं एवढंच शिल्लक होतं की गोळी चुकवायची नाही. ती कधी चुकली नाही. गेले ते नवनीतभाई, ज्यांना एकही गोळी नव्हती.

त्या राहत त्या इमारतीचं नाव वीतराग. राग-द्वेषाच्या पलीकडे गेलेल्यांच्या या इमारतीत पार्किंगवरून दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती आणि लिफ्टमध्ये सगळेच आपापल्या फोनकडे बघत. समोरच्या दारातल्या मुक्ताबेननी गेल्या पर्युषणात अठाई केली होती. आठ दिवस उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. बाकी काही नाही. नवव्या दिवशी पारणं. त्यांचे दोन्ही मुलगे, एक सुरतेहून आणि एक मुंबईहून, पारण्याला आले. दोघांनी दोन बाजूंनी आईला मुगाचं पाणी पाजलं. तो फोटो मोठा करून मुक्ताबेननी बाहेरच्या खोलीत लावला होता, आणि दार उघडलं की तो जसूदबेनच्या दारातून थेट दिसे.

जसूदबेनचा मुलगा केतुल अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात होता. वडील गेले तेव्हा येऊन गेला, त्यानंतर नाही. कधी प्रदर्शन असे, कधी मुलीची परीक्षा. या वर्षी श्रावणात जसूदबेननी फोनवर सहज सांगावं तसं सांगितलं,

"बेटा, या पर्युषणात अठाई करायचं मनात आहे."

पलीकडे केतुल एकदम जागा झाला. "मम्मी! तू? डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणाले, करा. पोटाला जरा आराम."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मागच्या वर्षी विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "एक वेळसुद्धा उपाशी राहायचं नाही, जसूदबेन. महावीर भगवानांना मी सांगतो."

"तुझी अठाई म्हणजे मला यायलाच हवं," केतुल म्हणाला. "पारण्याला मी तिथे असणार. तिकीट काढतोच."

आणि खरंच काढलं. तिकिटाचा फोटोही पाठवला. जसूदबेन तो बोटांनी मोठा करकरून बघत.

उपाश्रयात साध्वीजींनी विचारलं, "घरच्यांची रजा आहे? औषध वगैरे काही चालू?" रजा आहे, जसूदबेन म्हणाल्या, औषध काही नाही. रोज सकाळी हात जोडून त्या उपवासाचं पच्चक्खाण, त्या दिवसाचा संकल्प, घेत आणि रोज सूर्यास्ताच्या आत, स्वयंपाकघराचं दार लोटून, शेवटच्या घोटाबरोबर गोळी गिळत. गोळीला चव नाही, तिनं पोट भरत नाही, तेव्हा पाण्याबरोबरची गोळी म्हणजे पाणीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरांपासून उपास लपवायचा, साध्वीजींपासून गोळी. झोपताना मात्र त्यांना वाटे, आपण दोघांचंही ऐकतोय.

तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. तपस्वीच्या घरी जाऊन विचारपूस करायची रीतच आहे. लिफ्टमध्ये मान वर न करणारे आता चपला काढून आत येत, हात जोडून तब्येतीचं विचारत, "शाता आहे ना, जसूदबेन?" शाता आहे, शाता आहे, त्या म्हणत. संध्याकाळी बायका जमून तपाची गाणी म्हणत. टीव्ही बंदच होता. एकदा भर दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपल्याला झडप ऐकूच आली नाही.

"चेहऱ्यावर तेज बघा कसं चढलंय!" दुसऱ्या मजल्यावरची सरला म्हणाली.

"तेज कसलं, पांढऱ्या पडल्यात," मुक्ताबेन म्हणाल्या. गेल्या वर्षीच्या तपस्वी म्हणून या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असे. "मला पाचव्या दिवशी तेज आलं होतं. यांना अजून वेळ आहे."

"तुमच्या तेजात बाहेरच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचाही हात होता हो, मुक्ताबेन," सरला म्हणाली.

हसणं झालं आणि पाय दाबणं सुरू झालं. तपस्वीची सेवा केली की तिच्या पुण्यात आपलाही वाटा पडतो. वीतरागमध्ये वाटा कुणी सोडत नसे. एक पाय एकीकडे, दुसरा दुसरीकडे. सरलाचा हात खाखऱ्याची कणीक मळून तयार झालेला होता. ती पोटरी तशीच मळे. तिची सासू अंगठ्यानं तळवे रगडी. जसूदबेन डोळे मिटून पडून राहत. नवनीतभाई गेल्यापासूनच्या दीड वर्षात त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागला असेल तर तो रक्त न्यायला येणाऱ्या लॅबवाल्याचा, आणि तोही रबरी मोज्यातून.

चौथ्या दिवशी साडी बदलताना पोटरीवर जांभळं चुरडल्यासारखा डाग दिसला. पाचव्या दिवशी डागांना डाग मिळाले. थुंकी गुलाबी येऊ लागली. त्यांनी साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली आणि सरलाला म्हणाल्या, "जरा हळू हं, बेटा."

"अगं बाई, दुखलं?" सरलानं हात काढला तो काढलाच. "राहू दे मग. उगाच तपस्वीला त्रास कशाला द्या?" ती उठून गाणाऱ्यांत जाऊन बसली. तो पाय मग बराच वेळ तसाच पडून राहिला, गार. दुसऱ्या दिवशी सरला परत आली तेव्हा जसूदबेन 'हळू' म्हणाल्या नाहीत.

लॅबवाल्याला बोलवावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. फोन हातात घेतलाही. पण रिपोर्ट सरळ धोळकियांकडे जातो. धोळकिया उपास मोडायला लावणार, उपास मोडला की पारणं नाही, आणि पारण्यासाठीच तर तिकीट होतं. शिवाय घाबरायचं कशाला? गोळी तर एकही चुकली नव्हती. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा उचलून तिकिटाचा फोटो बघितला.

सातव्या दिवशी सकाळी मुक्ताबेन एकट्याच पाय दाबत होत्या आणि गेल्या वर्षी आपलं पारणं किती थाटात झालं ते सांगत होत्या. त्यांच्या हातावर थेंब पडला. वर बघतात तर जसूदबेनच्या नाकातून रक्ताची बारीक धार. पदर धरला, पदर भिजला. टॉवेल धरला, तोही भिजत चालला. जसूदबेन पुढे झुकल्या तशी साडी गुडघ्यापर्यंत सरकली आणि मुक्ताबेनचा हात तोंडावर गेला.

"हे काय? कुणी मारलं तुम्हाला?"

"कुणी नाही," टॉवेलमधून जसूदबेन म्हणाल्या. "सगळ्यांनी पुण्य केलं."

रिक्षात मुक्ताबेननी त्यांचं नाक अशा जोरानं चिमटीत धरलं की रिक्षावाला म्हणाला, "बा, श्वास तरी घेऊ द्या त्यांना."

धोळकियांनी पाय बघितले, हिरड्या बघितल्या, रक्त तपासायला पाठवलं.

"काय खाल्लं?"

"काही नाही."

"काल?"

"कालही नाही. आज सातवा."

"आणि गोळी?"

"एकसुद्धा चुकवली नाही," जसूदबेन म्हणाल्या. सगळ्या प्रकरणात शाबासकी मिळण्याजोगं असं हे एकच होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या पोटात दोघं भांडत असतात, जसूदबेन. एक ही गोळी आणि एक तुमची हिरवी भाजी. भाजीतलं सत्त्व रक्त घट्ट करायला बघतं, गोळी ते होऊ देत नाही. दोघांचं जेमतेम जमलेलं असतं. तुम्ही एकाला उपाशी मारलंत आणि दुसऱ्याला रोज वेळेवर खाऊ घातलंत." रक्ताच्या तपासणीचा आकडा आला तो त्यांनी दोनदा वाचला. "आता उतारा द्यायचा तोही जपून. जास्त झाला तर झडपेवर गुठळी, कमी झाला तर हे चालूच. ॲडमिट व्हा."

उतारा म्हणून पाण्यातून औषध आलं. जसूदबेननी पेला हातात धरला. "यात काय आहे?"

"पालकात असतं तेच."

"म्हणजे लीलोतरी, हिरवं? पर्युषणात?"

"कंदमूळ तर नाही ना?" मुक्ताबेननी काळजीनं विचारलं.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर मुक्ताबेनना म्हणाले. मग जसूदबेनकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही प्या."

त्यांनी डोळे मिटले, भगवानांची माफी मागितली आणि प्यायल्या. त्या एका घोटात अठाई संपली. संध्याकाळपर्यंत नाक थांबलं.

दुसरा दिवस संवत्सरीचा, वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे माफी मागायचा. जसूदबेनचा फोन सकाळपासून माफीनं थरथरत होता. जोडलेल्या हातांचं एकच चित्र सगळ्या वीतरागनं पाठवलं होतं. ज्यांची कधी ओळखही झाली नाही त्यांनीही माफी मागितली होती. केतुलचं चित्र जरा वेगळं, कमळवालं. त्याखाली लिहिलं होतं, आज निघतोय.

दुपारी मुक्ताबेन आल्या, तेव्हा जसूदबेन तेच वाचत होत्या.

"सांगितलं त्याला?"

"अजून नाही."

"नका सांगू. विमानात बसू दे. मग कळलं तर काय, उडी मारणार आहे?"

जसूदबेननी याचा विचार केला. चांगला विचार होता. थोडा वेळ गप्प राहिलं की झालं. मग केतुल निघालेला असेल, आणि निघालेलं विमान परत येत नाही. पण डॉक्टरांशी खोटं झालं, साध्वीजींशी झालं, आणि ते सगळं ज्याच्यासाठी केलं त्याच्याशी तर सगळ्यात आधी. आजच्या दिवशी आणखी एकदा त्यांच्यानं होईना. त्यांनी फोन लावला.

"बेटा, मिच्छामि दुक्कडम्."

"मम्मी, तुलापण. बॅगच भरतोय."

त्यांनी सांगितलं. डॉक्टर नाही म्हणाले होते इथपासून. पलीकडे बॅगेच्या चेनचा आवाज थांबला.

"आता बरी आहेस ना?"

"बरी आहे. रक्त थांबलं."

"असं कुणी करतं का, मम्मी? काही झालं असतं म्हणजे?" आणि मग, "म्हणजे आता पारणं नाही."

"उपासच मोडला. पारणं कशाचं?"

"बरं, ऐक. तू तिथे डॉक्टरांच्या हातात आहेस. मी येऊन दोन दिवस बाहेर बाकावर बसणार. त्यापेक्षा दिवाळीत आम्ही सगळेच येतो. निवांत. रिपोर्टचा फोटो पाठव मला, इथे एकाला दाखवतो."

"हो," जसूदबेन म्हणाल्या. "दिवाळीत हवापण बरी असते."

फोन ठेवून त्यांनी रिपोर्टचा फोटो काढला. तो केतुलला पाठवला.

"येतोय?"

"दिवाळीत."

मुक्ताबेननी चादरीची घडी सरळ केली. मग म्हणाल्या, "माझे आले होते ना गेल्या वर्षी. सकाळच्या गाडीनं आले. मुगाचं पाणी पाजलं, फोटो काढले. फोटो काढायला फार वेळ लागला, धाकट्याचे डोळे मिटत होते. संध्याकाळच्या गाडीनं दोघंही गेले. रात्रीचं जेवण मी करून ठेवलं होतं."

"हे कधी बोलला नाहीत."

"फोटो दाखवला की."

त्यांचा हात सवयीनं जसूदबेनच्या पायावर गेला, दाबणार तेवढ्यात थांबला. पोटरीवरचं जांभळं आता कडेनं हिरवट व्हायला लागलं होतं.

"दाबत नाही," मुक्ताबेन म्हणाल्या. "नुसता ठेवते."

हात तसाच राहिला. वॉर्डमध्ये दुपारची सामसूम होती. मुक्ताबेननी मान तिरकी केली, भिंतींकडे बघितलं.

"घड्याळ कुठाय इथं?"

"माझ्यात आहे."

मुक्ताबेन वाकून ऐकत राहिल्या. पाच दिवस त्या याच माणसाच्या पायाशी बसल्या होत्या. "बरोबर चालतंय?"

"आत्ता तरी."

मग खिडकीतलं ऊन खाली आलं आणि मुक्ताबेन उठल्या. संवत्सरीचं प्रतिक्रमण, उपाश्रयातली संध्याकाळची क्षमायाचना, वर्षातून एकदाच असतं, ते चुकवून चालत नाही. जसूदबेननीच त्यांना दोनदा आठवण करून दिली. दार लागलं. पाय, जिथे हात होता तिथे, अजून थोडा गरम होता.

नर्स आली, तिनं रक्त घेतलेल्या जागची पट्टी बघितली. "बा, काही हवंय?"

"टीव्ही आहे का इथे?"

"बाहेर आहे. आणून लावू म्हणता? कुठला चॅनल बघता तुम्ही?"

"कुठलाही," जसूदबेन म्हणाल्या. "आवाज असला म्हणजे झालं."