धोंडप्पानं वाचलेली कादंबरी

कापल्या पिकाची धसकटं वेचून वेचून शरणम्माच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि तीन एकरातला निम्मा तुकडा अजून तसाच पडला होता. दरसाली या दिवसांत शेजारच्या दोघी-तिघी बाया हाताखाली यायच्या, मग ही त्यांच्या वावरात जायची. यंदा येळमवाडीतलं कुणी तिच्या वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवत नव्हतं. कारण एवढंच, की तिचा नवरा हैदराबादहून आला होता.

धोंडप्पा मार्चात लेकीच्या, शिल्पाच्या, बाळंतपणाला गेला आणि लॉकडाऊन लागला तसा तिकडंच अडकला. दीड महिन्यानं पायी निघून गावच्या वेशीवर आला, तर दक्षता समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव काठी आडवी धरून उभे. तेवढ्याच काठीच्या अंतरानं त्यांनी त्याला शाळेत नेलं आणि चौथीच्या वर्गात घातलं. चौदा दिवस. लक्ष्मणराव वाईट माणूस नव्हते, पण तालुक्याहून कागद आल्यापासून त्यांना झोप नव्हती. गावात कुणी शिंकलं तरी ते वहीत लिहून ठेवायचे.

शरणम्मा रोज उन्हं कलली की भाकरी घेऊन जायची. डबा पायरीवर ठेवायची आणि खिडकीपासून सहा हात लांब, लिंबाखाली बसायची. नवरा जन्माचा अबोल. ती विचारायची, चालताना लई तरास झाला का? तो म्हणायचा, न्हाई. शिल्पाची लेक कशी हाय? चांगली हाय. की संपलं. मग दोघं दोन बाजूंना बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी कंटाळून धोंडप्पानं वर्गातलं कपाट उघडलं. चौथी शिकलेला माणूस, चाळीस वर्षांत सातबाऱ्याशिवाय काही वाचलेलं नाही. हाताला लागली ती पुठ्ठा गेलेली जाडजूड कादंबरी. बायको आली तसा तो बोट ठेवून ठेवून तिला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. बोलायला काही नसलं की वाचायला बरं पडतं.

गोष्ट जुन्या काळातली होती. सुलोचना नावाची एक बाई. तिचा नवरा घोड्यावर बसून परमुलखात जातो आणि परतच येत नाही. सुलोचनेचा मामा म्हणतो, नवरा मेला, कुंकू पूस. ती म्हणते, मी पुसत नाही. मामानं मुदत घातली, दिवाळीपर्यंत थांबतो. पुढं सगळी ओढाताण त्या मुदतीची.

पाचव्या दिवशी नागाबाई येऊन उभी राहिली. ही तीच, जिनं हापशावर शरणम्माची घागर पायानं सरकवली होती. ती म्हणाली, आमी आपलं वाऱ्याला आलाव. आठव्या दिवशी वाऱ्याला तीस माणसं होती. दुकानं बंद, बाजार बंद, टीव्हीवर नुसते आकडे. लक्ष्मणरावानं चुन्यानं गोल आखून दिले, एका गोलात एक माणूस. लोक दुपारपासूनच आपापल्या गोलात दगड ठेवून जागा धरायला लागले. धोंडप्पा एका ओळीला दम खायचा, जोडाक्षराला थांबायचा, आणि तेवढ्या वेळात शब्द काय असंल यावर बाहेर वाद व्हायचा.

तेराव्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की उद्या धोंडप्पा घरी जाणार आणि पुस्तक अजून बरंच बाकी आहे.

ऐकायला येणारा भागवत म्हणाला, पुस्तक पारावर न्यावं. लक्ष्मणराव म्हणाले, नेता येत नाही. पुस्तक आतलं आहे, आतल्या माणसानं हाताळलं आहे, त्यालाही चौदा दिवस काढावे लागतील. मग धोंडप्पानंच थांबावं, असं लोकांनी ठरवलं. पण लक्षण असल्याशिवाय वहीत मुदत वाढवता येत नव्हती. लक्ष्मणराव खिडकीजवळ जाऊन म्हणाले, "आप्पा, नुस्तं खोकायचं. लई न्हाई, दोनदा."

धोंडप्पाला खोटं जमत नसे. एकदा औशाच्या बाजारात बैल विकायला उभा होता, तर गिऱ्हाईकानं विचारायच्या आधीच बैल मागच्या पायानं लंगडतो म्हणून सांगून मोकळा झाला. तो म्हणाला, मला खोकला न्हाई.

"आरं, असं," म्हणून लक्ष्मणरावानं खोकून दाखवलं. उन्हात उभं राहून घसा सुकला होता, त्यात ठसका लागला आणि थांबेचना. गोलातली माणसं मागं सरकली. तेवढ्यात गावची आशा सेविका जया ताप मोजायची बंदूक घेऊन फाटकातून आत आली. तिनं बघितलं, ऐकलं, आणि लक्ष्मणरावाच्याच वहीत लक्ष्मणरावाचं नाव लिहिलं. नियम त्यांचाच होता. त्यांना तिसरीच्या वर्गात घातलं. आणि खिडकीशी तोंडाजवळ येऊन खोकल्यामुळं धोंडप्पा त्यांचा संपर्कातला माणूस ठरला. त्याचे चौदा दिवस नव्यानं सुरू झाले.

लोकांना आनंद झाला. शरणम्मा मात्र उठून उभी राहिली.

"तुमची सोय झाली," ती म्हणाली. "मिरग तोंडावर आलाय. माझं वावर कोण करावं? हैदराबादच्या माणसाची बायकू म्हणून कुणी धुऱ्यावर येईना. आन् हैदराबादच्या माणसाचं वाचन बरं चालतंय तुमाला. ज्याला ऐकायचंय त्यानं सकाळी माझ्या वावरात यायचं. न्हाई आला तर उद्यापासून खिडकीला गोणपाट."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना वावरात अकरा माणसं होती. पहिली नागाबाई.

चार दिवसांत धसकटं निघाली. पाचव्या दिवशी शरणम्मा सगळ्यांच्या आधी शाळेत गेली, तर धोंडप्पा खिडकीत पुस्तक मिटून बसलेला.

"सरलं," तो म्हणाला.

"सरलं म्हंजी? आला का नवरा?"

"ठावं न्हाई. म्होरली पानं वाळवीनं खाल्ल्यात. आज समद्याला सांगून टाकतो."

शरणम्मानं मागं वळून बघितलं. रस्त्यानं माणसं येत होती. शेणखत उकिरड्यातच होतं, वखराची एक पाळी राहिली होती. "सांगू नगा," ती म्हणाली. "पुस्तक म्होरं धरा आन् तुमाला जे ठावं हाय ते बोला."

"मला काय ठावं हाय?"

ती आपल्या जागी जाऊन बसली.

त्या दिवशी धोंडप्पा बराच वेळ घाम पुसत राहिला. मग वाळवीच्या भोकांवर बोट ठेवून म्हणाला, सुलोचनेचा नवरा हैदराबादेत अडकला होता. तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्यांत सात माणसं. जावई कामावरनं सुटलेला, घरात तांदूळ थोडा, म्हणून तो मला भूक न्हाई म्हणायचा. एक दिवस लेक निजलेली असताना तो निघाला.

भागवत म्हणाला, घोडा कुठं गेला? नागाबाईनं त्याला गप केलं.

रोज थोडं थोडं तो चालत राहिला. जहीराबादेत एका मुसलमान म्हातारीनं त्याच्या पायातली तुटकी चप्पल बघून मेलेल्या नवऱ्याची चप्पल दिली. बिदरच्या अलीकडं टेम्पोवाल्यानं ताडपत्रीखाली बसवलं आणि पोलीस दिसले तसं उतरवलं. पुलाखाली तो दोन दिवस तापानं पडला होता. सगळ्यात जास्त आठवण त्याला बायकोच्या हातच्या भाकरीची झाली, पण तसं तो घरी गेल्यावर बोलणार नव्हता, कारण त्याला बोलता येत नव्हतं.

जुन्या काळात टेम्पो कसा, हे कुणी विचारलं नाही. भिंतीपलीकडून लक्ष्मणराव मात्र ओरडून म्हणाले, तापाची नोंद केली होती का? शरणम्मा पदर तोंडाला लावून बसली होती. मास्क नाही म्हणून लावला असंल, असं लोकांना वाटलं.

मिरगाच्या आदल्या दिवशी वावर तयार झालं, आणि सुलोचनेचा नवरा वेशीवर पोचला. मामानं काठी आडवी धरली. सुलोचना मामाला बाजूला सारून पुढं झाली. गोलातल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीच्या वर्गातूनही वाजल्या.

शाळा उघडली तेव्हा बसवराज गुरुजींच्या कानावर ही हकिकत गेली. त्यांनी कपाट उघडून बघितलं, मग लातूरहून त्याच कादंबरीची धड प्रत आणली आणि एका संध्याकाळी पारावर शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात नवरा येतच नव्हता. दिवाळीला त्याचा नुसता घोडा येत होता.

मग नागाबाई म्हणाली, गुरुजी, ही छापताना चुकलीय. लक्ष्मणराव म्हणाले, मी स्वतः शेजारच्या वर्गात होतो, शब्द न् शब्द ऐकलाय. गुरुजींनी वाळवी दाखवली. लोक म्हणाले, ती मागाहून लागली. गुरुजींनी धोंडप्पाकडं बघितलं, आणि धोंडप्पा तोंड उघडणार तोच शरणम्मा बोलली.

"आला त्यो, गुरुजी. त्याच्या पायाचे फोड म्या माझ्या हातानं धुतल्यात."

पुढच्या ग्रामसभेत विषय निघाला. गुरुजींच्या नव्या प्रतीचं शेवटचं प्रकरण चुकीचं आहे, असा ठराव एकमतानं झाला. ते पुस्तक आजही शाळेच्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर, घोडा येतो त्या ओळीखाली, लक्ष्मणरावाच्या अक्षरात लिहिलंय, ‘नवरा आला.’ वर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आहे.