गिळलेला अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. उप्साला शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या खणात, कान तुटलेल्या निळ्या कपाशेजारी मी पडून असतो. माझ्या पोटात एक अर्धा तास आहे. तो मी एका भल्या माणसाचा गिळला आणि तो मला आजवर पचलेला नाही.

मला घडवणाऱ्यानं दोन काटे दिले. मोठा सेकंद मोजतो, छोटा मिनिटं. छोट्याचं वर्तुळ तीसच मिनिटांचं. तीस झाली की तो मुकाट्यानं शून्यावर येतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो.

माझे मालक सिक्स्टेन पेशींचा अभ्यास करत. प्रत्येक पेशीत इवलीशी यंत्रं असतात. ती निरोप वाचतात आणि त्याबरहुकूम एकेक मणी ओवून माळ करतात. चुकीचा मणी आला, तर दुसऱ्यांदा तपासून फेकून देतात. पण या फेकण्यालाही इंधन लागतं. एक बरोबर मणी ओवायला एकूण किती इंधन जळतं, हेच सिक्स्टेनना हवं होतं. त्यांचा हात इतका स्थिर, की त्यांच्या मुठीत मला माझीच टिकटिक ऐकू येई.

आमच्याकडे दुपारी तीनला कॉफी असते, बरोबर अर्धा तास. न जाणं म्हणजे उद्धटपणा. एका मंगळवारी सिक्स्टेननी मिश्रण तयार केलं आणि माझी कळ दाबली. एवढ्यात मदतनीस यॉर्डिसबाईंनी दारातून डोकं घातलं.

"अहो, येताय ना? आज केक आहे. नंतर मिळाला नाही म्हणून माझ्यावर रुसू नका हं!"

सिक्स्टेन हसले. तीन वाजले की त्यांचे पाय आपोआप चालायचे, तसे ते चालू लागले. मी इकडे मोजतच राहिलो. बरोबर मणी चार मिनिटांत संपले. उरले नुसते चुकीचे. ती बिचारी यंत्रं मणी उचलत, तपासत, फेकत, आणि दर वेळी इंधन जाळत. पुढे काहीच ओवायचं नव्हतं, तरी थांबत नव्हती. त्या रिकाम्या खोलीत मला फार भीती वाटली.

सिक्स्टेन परतले तेव्हा माझा काटा एक मिनिट दाखवत होता. कळ आपण आत्ताच, कॉफीनंतर दाबली, असं त्यांना वाटलं. आणखी तीन मिनिटांनी त्यांनी मला थांबवलं आणि वहीत 'चार' लिहिलं. इंधन अपेक्षेच्या आठपट जळालेलं निघालं. अचूकपणा इतका महाग! लोकांनी त्यांची पाठ थोपटली.

तो आकडा त्यांना पुन्हा कधी आला नाही. सिक्स्टेननी अकरा महिने प्रयत्न केला. शेवटी शेवटी ते आपल्या विद्यार्थिनीला, टीराला म्हणाले, "माझे हात गेले गं, टीरा." पुढे फेब्रुवारीत ते वारले. त्यांचा निळा कप खुंटीवर तसाच राहिला. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसेना.

मी टीराकडे आलो. आकडा तिलाही येईना. सहा वर्षं ती स्वतःच्या बोटांना शिव्या देत राहिली, पण प्रबंध मात्र गुरूच्या आकड्यावरच उभा केला. आमच्याकडे छापलेला प्रबंध परीक्षेआधी तीन आठवडे सगळ्यांदेखत जिन्यातल्या भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. ज्याला चूक दिसेल, त्यानं दाखवावी. टीराचा खिळा ठोकण्याचा आदला दिवस उजाडला.

"शेवटचं एकदा बघते," म्हणत तिनं कळ दाबली, आणि यॉर्डिसबाईंनी दंड धरून तिला कॉफीला ओढून नेलं.

"मेलीस तर खिळा काय मी ठोकू? चल, दोन घास खा!"

अर्ध्या तासानं ती परतली. हातात दालचिनीचा अर्धा बनपाव होता, बाईंनी बळेच दिलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. एक मिनिट. मग बनकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिनं बन खाली ठेवला. तिनं मला चारपर्यंत चालू दिलं. मग इंधनाची मोजणी झाली.

"आठपट! आला गं बाई, आकडा आला!" यॉर्डिसबाई नाचायच्याच बाकी होत्या.

"चार नाहीत बाई, चौतीस मिनिटं झालीत. मी मधे कॉफी पिऊन आले. त्या दिवशी सिक्स्टेनही तसेच आले असणार."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "म्हणजे मीच हाक मारली होती त्यांना..." मग त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकं छापून झालीत, पोरी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी जिन्यात माणसं जमली, पण खिळा ठोकला गेला नाही. टीराचं आणखी एक वर्ष गेलं आणि छापलेली पुस्तकं रद्दीत गेली. खिळा न ठोकलेल्या त्या सकाळी तिनं खुंटीवरचा निळा कप काढला. तो तिच्या हातून निसटून पडला आणि त्याचा कान तुटला. तो छातीशी धरून ती रडली. "सिक्स्टेन, तुमचे हात चांगले होते हो. अगदी चांगले होते." नंतर तिनं आम्हा दोघांना या खणात ठेवलं.

आता मला कुणी चावी देत नाही. तरी तीनला बाहेर खुर्च्या सरकल्या, की माझ्या कळीवर एक अंगठा टेकल्यासारखा वाटतो.

मित्रांनो, दुसऱ्यांदा तपासायला पेशीला इंधन लागतं, तसं माणसालाही लागतं. ते जाळायला कचरू नका. पण स्वतःच्या हातांना दोष देण्याआधी हातातली वस्तूही एकदा उलटूनपालटून तपासा. सिक्स्टेननी मला तसं पाहिलं असतं, तर त्यांना सगळं कळलं असतं. मी काही लांब नव्हतो. ते अकरा महिने मी त्यांच्या मुठीतच होतो.