उलटं कार्ड

"ज्या दिवशी हात लावायला जमणार नसेल, त्या दिवशी कार्ड उलटं टांगा. तुमच्या वाटचं बाळ मी तपासेन, आणि का, ते विचारणार नाही." सिस्टर म्बेवेंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग वॉर्डातल्या सव्वीसच्या सव्वीस आयांवरून नजर फिरवून पुन्हा म्हणाल्या, "आणि तुम्हीही एकमेकींना विचारायचं नाही. कळलं?"

तदालाला कळलं होतं. पण हे आपल्यासाठी नाही, असंच तिने धरलं. माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी बाई ती. संमतीपत्राची चारही पानं वाचून, वर दोन शंका विचारून मग सही करणारी त्या वॉर्डात ती एकटीच. हात लावायला न जमण्यासारखं काय असतं? दोन हात आहेत, समोर बाळ आहे.

प्रयोग विद्यापीठाचा होता आणि ऐकायला अगदी साधा. अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवतात, ते काही नवीन नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की शेजारच्या खाटेवरच्या दोघींची जोडी लावायची आणि दर दोन तासांनी प्रत्येकीने आपलं नाही, दुसरीचं बाळ तपासायचं. तळहात एकमेकांवर चोळायचे, बाळाचे पाय हातात घ्यायचे, श्वास मोजायचा, ओठांचा रंग बघायचा आणि दुसरीच्या कार्डावर खूण करायची. सव्वीस बाळांमागे एकच नर्स असताना या जोड्यांमुळे किती बाळं वाचतात, ते विद्यापीठाला बघायचं होतं.

"स्वतःचं का नाही तपासायचं?" तदालाने विचारलं होतं.

"कारण बाळ गारठतं तेव्हा आईही गारठलेली असते. दोघं एकाच कापडाखाली ना! गार हाताला गार पाय गार लागत नाहीत, अमायी," सिस्टर म्हणाल्या.

तदालाची जोडी लागली एस्नातशी. चिल्वा तळ्याच्या काठची, मासळी वाळवून विकणारी. हे तिचं तिसरं बाळंतपण. हसताना तोंडावर हात धरायची, आणि हसायची मात्र सारखी.

"मास्तरीणबाई, किती वेळा उघडून बघाल तिला? न्सिमाच्या भांड्यावरचं झाकण सारखं काढलं तर पीठ कच्चंच राहतं."

"श्वास चालू आहे का ते बघते गं."

"चालू नसता तर तुम्हाला अंगावरच कळलं असतं."

पण तदालाला धीर नव्हता. मुलगी नऊ दिवसांची, तेराशे दहा ग्रॅमची. दर पाच मिनिटांनी चितेंजेची, म्हणजे बाळ बांधलेल्या कापडाची, कड उचलायची, ती इवली पाठ खालीवर होतेय का पाहायची, पुन्हा झाकायची. दीड किलो झालं की घरी सोडणार होते. रोज सकाळी वजन झालं की उरलेले ग्रॅम ती वहीच्या मागच्या पानावर मांडायची. नवरा लिलाँग्वेला नोकरीवर, तो फोनवर रोज एकच विचारायचा, "आज किती?"

एस्नातच्या मुलाच्या मनगटाला काळा दोरा होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी समोरच्या खाटेवरची आजी तसलाच दोरा घेऊन नातवाला बांधायला आली, तेव्हा तदाला मोठ्याने बोलून गेली, "दोऱ्याने ताप उतरत असता तर विद्यापीठ कशाला काढलं असतं, आजी?" अख्खा वॉर्ड हसला. एस्नातही हसली, तोंडावर हात धरून. नंतर तिने मुलाची बाही खाली ओढली. ते तदालाने पाहिलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पण पाहिलेल्याचा अर्थ त्या वेळी तिने लावला नाही.

जून लागला आणि चिपेरोनी सुरू झाला. मोझांबिककडून येणारा तो गार, भुरभुरता वारा एकदा आला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. वॉर्डातल्या हिटरांपैकी एकच चालत होता, तोही दाराजवळचा. तदालाची खाट खिडकीशी. ती तिनेच मागून घेतली होती. बाळाचा रंग उजेडात नीट दिसतो म्हणून.

त्या दुपारी एस्नातच्या नवऱ्याचा काका पुरुषांच्या वॉर्डात वारला. बातमी आली तशी एस्नात उठली, मुलाला सोबतीला आलेल्या आपल्या आईच्या छातीशी बांधलं आणि शवागाराच्या दारात जाऊन बसली. जायलाच हवं होतं. मयताला न जाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मयताला कोण येतं? दोन तास बायकांबरोबर रडून, प्रेताला हात लावून ती परत आली, तेव्हा डोळे सुजले होते आणि आवाज बसला होता.

"जवळचे होते का?" तदालाने विचारलं.

"लग्नात माझ्या बाजूने तेच एकटे बोलले होते," एस्नात म्हणाली, आणि चार वाजताच्या तपासणीसाठी तदालाच्या खाटेशी आली. वाकली, नीट पाहिलं, ओठ हलवत श्वास मोजले आणि कार्डावर खूण केली. सहालाही तसंच. रात्रीही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आणि दहालाही तसंच. प्रत्येक वेळी "पाय गरम" या रकान्यात स्वच्छ खूण.

बारा वाजता तदालाची पाळी आली. एका हाताने स्वतःच्या बाळाला धरून ती एस्नातच्या खाटेवर बसली, घाईने तळहात ब्लाउजला पुसले आणि मुलाचे पाय मुठीत घेतले. घेतल्याबरोबर दचकली.

"एस्नात, ताप आहे याला! चटका बसतोय."

एस्नातने मुलाचे पाय धरले, मग कपाळ. "कुठला ताप? रोजच्यासारखाच तर आहे." मग तिने तदालाच्या बोटांकडे पाहिलं. नखं निळसर झाली होती. "हात बर्फ झालाय तुमचा, मास्तरीणबाई."

तदालाने आपली निळी नखं पाहिली. मुलाचे पाय रोजच्यासारखे असतील आणि तरी आपल्याला चटका बसत असेल, तर गार आपला हात आहे. हाच हात मघाशी मुलीच्या पायांवर ठेवून आपण म्हटलं, ठीक आहे. सकाळपासून दर वेळी म्हटलं, ठीक आहे.

"दहा वाजता तू माझीचे पाय गरम लिहिलेस."

एस्नातने मुलाच्या पायांवर कापड ओढलं.

"हातात घेतले होतेस ना? एस्नात? घेतले होतेस ना!"

"कालपासून नाही घेतले." तिचा बसलेला आवाज जेमतेम फुटला. "मयताला हात लावलाय मी. घरचा पाला लावून आंघोळ झाल्याशिवाय दुसऱ्याच्या तान्ह्याला शिवत नाहीत आमच्यात. आपलं पोर आपल्याच अंगाचं, त्याला नाही लागत. पण दुसऱ्याचं..."

"मग कार्ड का नाही उलटं टांगलंस?"

"तुम्ही हसला असता."

तदालाने चितेंजे सोडलं. मुलगी रडली नाही, आखडली नाही. ओठ भिजलेल्या राखेच्या रंगाचे. तदाला पाठीचं खालीवर होणं बघू लागली. एक. मग काहीच नाही. आकडे मोजायची सवय असलेल्या त्या बाईने मनात सतरापर्यंत मोजलं आणि मग तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने समोरच्या खाटेवरच्या आजीच्या हातून फालाच्या पेजेची वाटी पडली.

सिस्टर म्बेवे धावत आल्या. बाळाला टेबलावर घेतलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग नाकातोंडावर चिमुकला मास्क धरून रबरी पिशवी दाबू लागल्या. "श्वास... दोन, तीन... श्वास... दोन, तीन..." पंचवीस आया आपापल्या बाळांना घट्ट धरून उभ्या होत्या. खिडकीच्या काचेवर भुरभुर चालूच होती.

किती वेळ गेला, ते तदालाला नंतरही सांगता आलं नाही. मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला, बारीक, चिडका.

"आली," सिस्टर म्हणाल्या. "पण अंग गार आहे. चालू आहे तो हिटर या टेबलाला पुरत नाही. गरम छाती हवी, आत्ता. तुझी नको, तू थरथरतेयस. एस्नात, तू ये."

एस्नात मागे सरली. "मी नको, सिस्टर. दुसरी कुणी घ्या. मी नको."

"या सगळ्यांत ऊब तुझ्याच अंगाला आहे. तुझ्या पोराचे पाय बघ, किती गरम आहेत."

"माझ्या हातून मरेल ती!"

तदाला तिच्यासमोर गेली. ती हसली नाही, रीत खोटी आहे असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तुझा मुलगा तुझ्या आईकडे दे. आणि माझी मुलगी घे. काही झालं तर ते माझ्यावर, एस्नात. मी मागून घेतलंय तुझ्याकडून."

एस्नातने डोळे मिटले. मग ब्लाउजचे हुक काढले. सिस्टरांनी मुलगी तिच्या छातीवर ठेवली, वर दोन चितेंजे गुंडाळली, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली. मग दोन तास एस्नात दाराजवळ भिंतीला टेकून बसली. हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बाळावर पडू नये म्हणून मान वळवून खांद्याला पुसत होती. तदाला समोर जमिनीवर बसली होती. चितेंजेची कड उचलावी म्हणून हात शिवशिवत होता. तिने तो हात मांडीखाली दाबून धरला.

अडीच वाजता सिस्टरांनी पाय तपासले आणि म्हणाल्या, "आता बघ." तदालाने तळहात नीट चोळले आणि ते दोन पाय मुठीत घेतले. उकडलेल्या भुईमुगासारखे, कोमट, ओलसर.

ती एस्नातला काही बोलणार होती. रागही होता, कालपासूनच्या खोट्या खुणा डोळ्यांसमोर होत्या. स्वतःचं ते हसणंही होतं. तिने ठरवलं, उद्या बोलू.

सकाळी सहाला तदाला तपासायला उठली, तर शेजारची खाट रिकामी होती. घोंगडी घडी करून ठेवलेली. एस्नात नाही, मुलगा नाही, तिची आई नाही, वाळल्या मासळीचा डबा नाही. पायथ्याच्या सळीवर तिचं कार्ड उलटं टांगलेलं होतं.

"चौदाशे वीस ग्रॅमचं पोर घेऊन अशा थंडीत!" सिस्टर मटकन खाटेवर बसल्या. "मी ओरडलेसुद्धा नाही गं तिला. पुन्हा कुणाच्या बाळाला लागू नये म्हणून गेली असणार."

तदालाने ते कार्ड सुलट करून पाहिलं. मुलाच्या नावापुढे तदालाच्या स्वतःच्याच हातच्या खुणा होत्या, दर दोन तासांच्या. सकाळी सहाचा रकाना कोरा होता. त्यापुढचे सगळेच.

विद्यापीठाची गाडी तीनदा एस्नातच्या गावी, काचुलूला जाऊन आली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नवऱ्याबरोबर मासेमारीच्या बेटांकडे गेली. फोन लागत नाही. प्रयोगाच्या नियमांत एका ओळीचा बदल झाला: कार्ड उलटं टांगायचा नियम आता रोज सकाळी वाचून दाखवतात. अहवालात एस्नातच्या मुलाच्या नावापुढे लिहिलंय, "माहिती नाही." तदालाची मुलगी दीड किलोची होऊन घरी आली, आता दोन किलोच्या पुढे गेली आहे. पण दर दोन तासांनी तदालाच्या हाताला एक काम आठवतं आणि हात रिकामा राहतो. जोडी लावलेली होती. ती कुणी सोडलेली नाही.

म्हणून भेटेल त्याला ती सांगते, तुम्हालाही सांगते आहे. चिल्वाच्या काठी कधी गेलात, तर मासळी वाळत घातलेल्या माचांमध्ये एक बाई शोधा. हसताना तोंडावर हात धरते. तिच्या पोराच्या मनगटाला काळा दोरा असेल, त्याबद्दल काही बोलू नका. का निघून आलीस, असंही विचारू नका. आधी तुमचे तळहात एकमेकांवर चोळून गरम करा, आणि मग त्या पोराचे दोन्ही पाय एकदा हातात घेऊन बघा.