ढिगाची धग

वैजयंतीला त्या ढिगाची इतकी किळस होती, की ती खिडकीकडे पाठ करून भाकरी थापायची. पण वासाला पाठ कुठली कळायला! सडके टोमॅटो, कांद्याची पात, उसाचं पाचट, शेण, सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच रचलेलं. बुडातून काळं पाणी पाझरायचं आणि त्यात अळ्या वळवळायच्या. शी!

हा उद्योग तिच्या नवऱ्याचा, रामनाथचा. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर तो मंचरच्या शिबिराला गेला आणि सेंद्रिय खताचं खूळ घेऊन अवसरीला परतला. सासऱ्यांनी, गेणभाऊंनी, बजावलं, "भोगीपर्यंत ढीग तापला तर उन्हाळी टमाट्याचं अर्धं एकर तुज्या मनानं कर. न्हाई तापला तर ढीग वढ्यात, आन् पुन्हा खताचं नाव काढायचं न्हाई."

रामनाथ रोज सकाळी ढिगात लोखंडी पहार खुपसायचा, घटकाभराने उपसून हात लावायचा. गार! "आतलं बारीक जीव आदी गोड, मऊ खात्यात, मग पाचटातलं चिवट. खाताना धग निघती. मग ही का उपाशी बसल्यात?"

कारण वैजयंतीला ठाऊक होतं. दुपारी घर रिकामं झालं की ती ढिगावर बाटलीभर फिनेल ओतायची आणि माणसं परतेपर्यंत वर प्लास्टिकचा कागद घट्ट दाबून ठेवायची. वास मरावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो मेला तर नाहीच, वर नासक्या अंड्यासारखा झाला.

भोगीला आठ दिवस उरले तेव्हा रामनाथने पहार नाकाशी नेली आणि तो थबकला. "फिनेल?"

"वास मरावा म्हणून वतलं," ती म्हणाली, "वर कागद बी दाबायचे."

"हवा कोंडली, वर औषध वतलं. मारलंस की गं त्यान्ला!" तो तिथेच मटकन बसला. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याचं ते उतरलेलं तोंड तिला वासापेक्षाही सोसवेना.

तिने पदर खोचला. फिनेल प्यायलेला वरचा थर दोघांनी लांब नेऊन टाकला. खालचं उपसताना फावडं पाचटात अडकायला लागलं, तेव्हा तिने सरळ हात घातले. कोपरापर्यंत बुळबुळीत काळा लगदा, बोटांच्या बेचक्यात अळ्या. ती दोनदा ओकली, चूळ भरली आणि पुन्हा वाकली. कोरडं पाचट आणि ताजा शेणकाला घालत त्यांनी ढीग नव्याने, मोकळा रचला.

पाचव्या दिवशी वाफ निघाली, डोळ्यांना झोंबणारी, गोठ्यातल्या मुतासारखी उग्र. "नत्र उडतंय, अजून पाचट पायजे," म्हणत रामनाथ नाचायचाच बाकी होता. ती मात्र नाक दाबून लांब उभी होती.

भोगीला गेणभाऊंनी पहार उपसली, हात लावला आणि "आयला!" म्हणून टाकूनच दिली. "घे राव, तुजं अर्धं एकर."

मग पंगत बसली. सुनेच्या हातची तीळ लावलेली बाजरीची भाकरी गेणभाऊंनी तोंडाशी नेली आणि हात तसाच थांबला. त्यांनी भाकरी हुंगली. वैजयंती शरमेने अर्धी झाली. राख, लिंबू, शिकेकाई, सगळं घासून झालं होतं, पण नखांतला वास जात नव्हता.

गेणभाऊंनी तिच्या हातांकडे बघितलं. सगळं उमगलं त्यांना.

"पोरी, ढीग तुज्याच हाताला तापतुया. आजपास्नं तूच बघायचा त्यो. भाकरी सासू थापंल."

रामनाथ कौतुकाने तिच्याकडे बघत होता. आता रोज तोच ढीग! वैजयंतीने तोंडाला पदर लावला आणि मोरीकडे धाव घेतली.