पंच्याण्णववालं भारी

मयूरला गाडीतलं काय कळत होतं? शंख! आठवड्यापूर्वी नाशिक रोडला एक जुनी डिझेल गाडी घेतली, मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि स्वारी सगळ्या सोसायटीला ऑक्टेन शिकवत हिंडू लागली. त्याची बायको स्नेहल मनातल्या मनात कपाळाला हात लावत होती.

अधिक महिना लागला, मयूरला सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. दिंडोरीला निघताना दोघं पंपावर थांबले.

"साधं नको. साधं ट्रॅक्टरवाले घालतात," मयूर काच अर्धीच खाली करून म्हणाला. "ते पंच्याण्णववालं भारी घाल, जास्त ऑक्टेनचं."

पंपावरच्या बाईच्या बिल्ल्यावर नवसाबाई असं नाव होतं. टाकीचं झाकण उघडून ती म्हणाली, "दादा, ते पेट्रोल हे. हितं तर डिझेल लिवलंय."

"वाचता येतं का तुला? म्हणे लिवलंय! सांगितलं तेवढं कर."

नवसाबाईने पुन्हा विचारलं. मयूरने पुन्हा झापलं. टाकी भरली. आणि स्नेहल? ती गप्प बसली. सणासुदीला कटकट नको म्हणे! असल्या समजूतदारपणाला जोड्यानं हाणलं पाहिजे, असं तिला नंतर वाटलं.

ढकांब्याच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

स्नेहलचे वडील गेणूआबा दिंडोरीहून ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी टाकीशी नाक नेलं. "जावईबापू, डिझेलच्या गाडीला पेट्रोल पाजलंय. लय भारी हाय, पण पेट्रोलच."

चूक कबूल करील तो मयूर कसला! नाचता येईना अंगण वाकडं. बिलावरचा नंबर फिरवून तो पंपाच्या मॅनेजरवर डाफरला, "तुमच्या त्या नवसाबाईनं गाडीची वाट लावली. अडाणी बायका ठेवता कशाला? आत्ताच्या आत्ता काढा तिला!"

फोन स्पीकरवर होता. "साहेब, लगेच घरी पाठवतो," मॅनेजर म्हणाला. मागून नवसाबाईचा रडवेला आवाज आला, "सायेब, मी दोनदा इचारलं वो! देवाशपथ."

"खोटं बोलतेय," मयूर म्हणाला.

स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन हिसकावला. "मी ह्यांची बायको बोलतेय. खोटं माझा नवरा बोलतोय. त्या बाईंनी दोनदा सांगितलं, मी शेजारी बसून ऐकलं. त्यांना काढलंत, तर तुमच्या पंपावर येऊन सगळ्यांसमोर हेच सांगेन."

मग मॅनेजर म्हणाला, "राहू द्या ताई. नाही काढत."

गेणूआबा खाली वाकून गाडीला दोर बांधत होते. ऐकलंच नाही असं दाखवायचं होतं, पण मिशा हलत होत्या.

"सासऱ्यासमोर माझी अब्रू काढलीस?" मयूर पुटपुटला.

स्नेहल वडिलांशेजारी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसली.

"त्या बाईला वाचता येतं हो," ती म्हणाली. "तुम्हालाच येत नाही. धरा आता स्टिअरिंग सरळ."